व्हिएन्नात नाताळ: सकाळी डबा, दिवसभर भटकंती

लेक व्हिएन्नात शिकते. नाताळात तिच्या फ्लॅटमधल्या बाकीच्या मुली आपापल्या गावी गेल्या आणि ते स्वयंपाकघर सुटीपुरतं आमच्या ताब्यात आलं. घरीच रांधायचं आणि उरलेला दिवस फिरायचं, एवढंच ठरवून मी नाशिकहून निघाले. बॅगेत गोडा मसाला, हिंग, चिंच.

आधी सांभाळावं लागतं ते दुकानांचं वेळापत्रक. ऑस्ट्रियात रविवारी दुकानं बंद. २४ डिसेंबरला दुपारीच शटर खाली येतं आणि २५, २६ ला सुटी. म्हणून २३ तारखेलाच आम्ही ओटाकरिंग भागातल्या ब्रुनेनमार्क्टला गेलो. नाशमार्क्ट जास्त प्रसिद्ध आहे, पण रोजच्या भाजीसाठी मला हाच बाजार आवडला. रस्ताभर टपऱ्या, बरेचसे विक्रेते तुर्की. कोथिंबीर, वांगी, पालक आणि चक्क नवलकोल! तिकडे तो घराघरात खातात. हरभऱ्याची डाळ घालून मी त्याची भाजी केली, तर लेक म्हणाली, "आई, उद्यापण हीच कर."

टोपफेन नावाचं मऊ पांढरं चीज तिथल्या कुठल्याही दुकानात मिळतं. ते रात्रभर फडक्यात टांगून ठेवलं, की थेट चक्का! नाताळच्या दिवशी आमच्या पानात श्रीखंड होतं. काचेची विजेची शेगडी मात्र समजून घ्यावी लागते. बंद केल्यावरही ती बराच वेळ तापलेली राहते, त्यामुळे फोडणी झाली की भांडं लगेच उचलायचं. भात मुरायला तीच ऊब कामाला येते. पाण्याच्या बाटल्या विकत घेऊच नयेत. १८७३ पासून व्हिएन्नाच्या नळाला आल्प्समधल्या झऱ्यांचं पाणी येतं आणि त्याचा चहा फार सुंदर होतो.

डिसेंबरात चारच्या सुमारास अंधार पडतो. म्हणून सकाळीच पोळी-भाजीचा डबा भरून बाहेर पडायचं. एक दिवस ७१ नंबरच्या ट्रामने मध्यवर्ती दफनभूमीत गेलो. बेथोव्हेन आणि शुबर्ट हे संगीतकार तिथे शेजारी-शेजारी विसावलेत. पण माझा सगळ्यात मोलाचा दिवस कला-इतिहास संग्रहालयात गेला, ब्रॉयगेलच्या दालनात. बर्फातून परतणाऱ्या शिकाऱ्यांचं त्याचं १५६५ मधलं चित्र मी किती वेळ पाहत होते! दमलेली माणसं, मागे मान खाली घातलेली कुत्री, आणि एवढ्या पायपिटीनंतर हाती फक्त एक कोल्हा. डावीकडे खाणावळीबाहेर मोठा जाळ पेटलाय, त्याभोवती बायामाणसं राबताहेत. माझी नजर पुन्हा पुन्हा त्या जाळाकडे जायची. त्या थंडीत चूल पेटती ठेवणं म्हणजे काय, हे चित्रकाराला पक्कं ठाऊक होतं.

३१ ला मध्यरात्री सेंट स्टीफन चर्चची पुमेरिन ही प्रचंड घंटा वाजते आणि पाठोपाठ वॉल्ट्झ सुरू होतो. लोक थेट रस्त्यातच जोडीने नाचू लागतात. आम्हीही नाचलो. नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी तिथे मसूर खाण्याची रीत आहे, वर्षभर पैसा येतो म्हणतात. मी चिंच-गूळ घालून मसुराची आमटी केली. सुटीवरून परतलेल्या एका मुलीने ती वाटीभर मागून घेतली आणि तिची आजी मसुरात व्हिनेगर घालते, हे सांगितलं. आंबट दोघींकडे हवंच!

कुणी जाणार असाल तर ६ जानेवारीचीही सुटी असते, भाजी ५ तारखेलाच आणून ठेवा. ५ ला रविवार आला तर मात्र शनिवारीच.