तुम्ही विचारलंत म्हणून: राजाच्याच नाण्यावर विश्वास कसा ठेवायचा?

रोमन नाण्यांचा विषय निघाला की हा प्रश्न येतोच. चित्र राजाचं, मजकूर राजाचा, टांकसाळही राजाची. मग त्यातून खरं काय कळणार? तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून लिहितो.

रोमन सम्राट नर्वाचं देनारियस हे चांदीचं नाणं बघा. मागच्या बाजूला एकमेकांत घट्ट मिळवलेले दोन उजवे हात, भोवती ‘कॉन्कॉर्डिया एक्झर्सिटुउम’, म्हणजे सैन्यांची एकजूट. इ.स. ९६च्या सप्टेंबरात आधीचा सम्राट डोमिशियन याचा खून झाला आणि सिनेटनं, म्हणजे रोमच्या बड्या लोकांच्या सभेनं, साठी ओलांडलेल्या नर्वाला गादीवर बसवलं. सैन्याचा जीव मात्र डोमिशियनवर होता. शिपायांचा पगार त्यानंच वाढवला होता. आता पगार ज्या नाण्यांत मिळायचा, त्यांच्यावरच हे हात. ९७मध्ये प्रिटोरियन रक्षकांनी, म्हणजे सम्राटाच्याच अंगरक्षक दलानं, नर्वालाच महालात कोंडलं आणि डोमिशियनचे मारेकरी त्याला हवाली करायला लावले. म्हणजे नाण्यावरची एकजूट खरी नव्हती; पण तेवढ्यानं नाणं निरुपयोगी ठरत नाही. ज्या घरात सगळ्यांचं पटतं, तिथे दारावर तशी पाटी लावावी लागत नाही. राजाला धास्ती कशाची होती, ते त्या हातांतच दिसतं.

नाण्याचं साल शोधायला फार लांब जावं लागत नाही. चेहऱ्याभोवतीच्या अक्षरांत ‘सी ओ एस’पुढे तीन उभ्या रेघा असल्या, तर राजा तिसऱ्यांदा कॉन्सल (रोममधलं एका वर्षाचं मोठं पद); नर्वाच्या बाबतीत ते ९७ साल.

त्याच वर्षाचं सेस्टर्शियस हे एक मोठं पितळी नाणं मला सगळ्यात प्रिय आहे. ‘वेहिक्युलातिओने इटालिए रेमिस्सा’: इटलीवरची वाहनांची सक्ती माफ. सरकारी टपाल आणि अधिकारी जायचे, तेव्हा वाटेवरच्या गावांना जनावरं आणि गाड्या पुरवाव्या लागत. आपल्याकडे यालाच वेठ म्हणत. या माफीची मुख्य साक्ष हे नाणंच आहे. ते राजाचं म्हणून बाजूला ठेवलं, तर ही गोष्टच हातातून जाते.

आणि चित्र काय निवडलंय! देव नाही, विजयाचं चिन्ह नाही, बांधलेला शत्रू नाही. जुंपणीतून सोडलेली दोन खेचरं शांतपणे चरताहेत. मागे रिकामी गाडी, दांड्या आभाळाकडे. ज्याचं खेचर कालपर्यंत वेठीला जात होतं, त्याला एक अक्षर वाचता येत नसलं तरी हे कळलं असणार.