बाळंतपण कुठं: नदीच्या अलीकडं की पलीकडं

सोमवार. पाऊस लागून राहिलाय.

आषाढात कोल्हापुरात बाळंतपणाची जागा ठरवायची म्हटलं की आधी नदीकडं बघावं लागतं. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट, धोक्याची 43. 2019 ला आणि 2021 ला शिरोलीजवळ महामार्गावरच पाणी आलं आणि गाड्या थांबल्या. गगनबावड्याच्या रस्त्यावर मांडुकलीला, रत्नागिरीच्या रस्त्यावर केर्लीला पाणी चढतं. शियेचा रस्ता त्याच्या आधीच पाण्याखाली जातो. त्यामुळं "मिडवाइफचं केंद्र की हॉस्पिटल" हा प्रश्न इथं विचारला की त्याला लगेच दुसरा चिकटतो: वेळ आली तर पुढं कुठं न्यायचं, आणि मधे नदी आहे का?

भिंतींचा रंग, पाण्याचा टब, मंद दिवे या गोष्टी चांगल्याच. पण केंद्र निवडताना पहिली चौकशी पुढं न्यायच्या सोयीची करावी. बाकीचं नंतर.

मंगळवार

मिडवाइफ हा शब्द काढला की घरात सुईण आठवते. आत्याबाई म्हणतात, "म्हणजे सुईणच की! मग दवाखान्यात कशाला जायचं?" आणि जावई म्हणतो, डॉक्टर नाही म्हणजे काहीच नाही. दोघांचाही घोटाळा एकच. आपल्याकडं जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंग झालेल्या सिस्टरची नोंदणीच मुळात नर्स आणि मिडवाइफ अशी दुहेरी होते. प्राथमिक आरोग्य केंद्रातली साधी बाळंतपणं वर्षानुवर्षं सिस्टरच करत आल्यात. तिथं नसतो तो वेळ आणि अधिकार. एका सिस्टरकडं ओपीडी, लसीकरण, रजिस्टर आणि कळा देणारी बाई असं सगळं एकदम असतं.

केंद्र सरकारनं 2018 च्या डिसेंबरात मिडवाइफरी सेवांची मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात नर्सला 18 महिन्यांचं वेगळं प्रशिक्षण आहे आणि त्यांनी चालवायचे कक्ष मोठ्या सरकारी रुग्णालयांच्या आवारातच ठेवलेत. हे मला पटतं. कक्ष वेगळा, शांत, पण ऑपरेशन थिएटर जिना चढून गाठता येईल इतकं जवळ. खाजगीत स्वतंत्र केंद्रं देशात मोजक्याच शहरांत आहेत. हैदराबाद आणि कोची ही त्यातली ठळक. तिथला फोटो बघून कोल्हापुरात तसंच शोधायला निघालेल्यांनी एक ध्यानात ठेवावं: डूला म्हणजे मिडवाइफ नव्हे. डूला कंबर चोळते, धीर देते, श्वास घ्यायला लावते, आणि ते काम मोलाचं आहे. पण ठोके ऐकून निर्णय घेणं, वार काढणं, रक्तस्राव थांबवणं हे तिचं शिक्षण नाही. नोंदणी क्रमांक मागायला लाजू नये.

बुधवार

"हॉस्पिटल" या शब्दाचीही झाडाझडती घ्यायला हवी. शहरातल्या बऱ्याच प्रसूतिगृहांत डॉक्टर वरच्या मजल्यावर राहतात, थिएटर खाली असतं, पण भूलतज्ज्ञ बाहेरून येतो, बालरोगतज्ज्ञ बाहेरून येतो आणि रक्त ब्लड बँकेतून आणावं लागतं. तातडीच्या सिझरसाठी निर्णयापासून 30 मिनिटांत बाळ बाहेर हा प्रसूतिशास्त्रातला नेहमीचा मापदंड. रात्री दोनला फोन केल्यावर भूलतज्ज्ञ किती मिनिटांत पोचतो, हे सरळ विचारावं. उत्तर "येतात की लगेच" असं आलं तर पुन्हा विचारावं, मिनिटांत सांगा. एखादं पाटी मोठी असलेलं हॉस्पिटल या कसोटीवर मोठ्या रुग्णालयाला लागून असलेल्या मिडवाइफ कक्षापेक्षा मागं पडू शकतं.

सीपीआर म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयासारख्या मोठ्या सरकारी ठिकाणी हे सगळं एका आवारात असतं, आणि जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात नॉर्मल असो वा सिझर, औषधं, तपासण्या, रक्त, जेवण, येणं-जाणं फुकट. उलट बाजू अशी की तिथं जिल्हाभरातून पुढं पाठवलेल्या अवघड केसेस येतात. शांत खोली आणि शेवटपर्यंत एकच सिस्टर, ही अपेक्षा तिथं धरून जाऊ नये.

सिझरचे आकडे सगळेच तोंडावर फेकतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) देशात खाजगी बाळंतपणांत 47.4 टक्के सिझर होती, सरकारीत 14.3. पण एकूण टक्का विचारून फारसं हाती लागत नाही, कारण कुणाकडं कसल्या बायका येतात यावर तो हलतो. नेमका प्रश्न असा: पहिलटकरीण, एकच बाळ, डोकं खाली, 37 आठवडे पूर्ण, कळा आपोआप सुरू झालेल्या, अशा दहा जणींत तुमच्याकडं किती सिझर होतात? डॉक्टरांना हा गट ओळखीचा असतो, रॉबसनच्या वर्गीकरणातला तो पहिलाच. उत्तर द्यायला जे तयार असतात त्यांच्यावर माझा विश्वास थोडा जास्त बसतो.

गुरुवार

मिडवाइफकडं कुणी-कुणी जाऊ नये, हे ठरवताना भावनेला जागा नाही. आधीचं सिझर, जुळं, पायाळू किंवा आडवं बाळ, वार गर्भपिशवीच्या तोंडाशी, रक्तदाब 140/90 किंवा वर, इन्सुलिनवरची शुगर, 37 आठवड्यांआधीच्या कळा, मागच्या खेपेला खूप रक्त गेलेलं किंवा वार अडकलेली. यातलं एक जरी असेल तरी हॉस्पिटल, विषय संपला. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या 9 तारखेला तपासणी असते. तिथं कार्डावर लाल स्टिकर लागला असेल तर तो झाकून दुसऱ्या केंद्रात नाव घालण्यात शहाणपण नाही.

मधला प्रदेश हिमोग्लोबिनचा. 11 च्या खाली ॲनिमिया, 7 च्या खाली तीव्र. 9 असलेली बाई हिंडतीफिरती असते, तक्रार काही नसते, म्हणून घरचे निवांत. पण जे रक्त जाणं 12 वाली सोसते ते 9 वालीला भोवतं. 10 च्या खाली असेल तर मी हॉस्पिटलकडंच झुकेन. आणि हे सातव्या महिन्यात कळलं तर गोळ्यांना वाव असतो. नवव्यात कळलं तर नसतो. गोळी चहाबरोबर घेतली की लोह अंगी लागत नाही, हे आमच्या चहाबाज जिल्ह्यात कितीदाही सांगितलं तरी कमीच. शुगरचंही तसंच. 75 ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी 140 किंवा वर आली तर गर्भावस्थेतला मधुमेह. ही तपासणी 24 ते 28 आठवड्यांत पुन्हा करायची असते, आणि नेमकी तीच राहून जाते.

निवड एकदा केली की झाली असंही नाही. 36 व्या आठवड्यात यादी पुन्हा वाचायची. तेव्हा बाळ पायाळू निघालं तर कितीही मन बसलेलं असू दे, जागा बदलायची.

शुक्रवार. उघडीप.

इंग्लंडमधला 2011 साली आलेला मोठा अभ्यास या विषयात सतत पुढं केला जातो. कमी जोखमीच्या सुमारे 64,500 बायका त्यात होत्या. मिडवाइफ केंद्रांत बाळांचे परिणाम हॉस्पिटलइतकेच चांगले आणि आईवर कापाकापी कमी, एवढं वाचून लोक थांबतात. पुढचा आकडा जास्त कामाचा आहे. स्वतंत्र केंद्रात गेलेल्या पहिलटकरणींपैकी 36 टक्के, आणि हॉस्पिटललगतच्या केंद्रातल्या 40 टक्के पुढं न्याव्या लागल्या. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेच्या बायकांत हेच प्रमाण दहातली एक असं. म्हणजे पहिल्या खेपेला केंद्र निवडलं तर दहातल्या साधारण चौघी शेवटी हॉस्पिटलात. आणि तो अभ्यास तिथल्या ॲम्ब्युलन्सचा आणि तिथल्या रस्त्यांचा आहे. मांडुकलीचा नाही.

हलवण्याची कारणं बहुतेक वेळा धावपळीची नसतात. कळा मंदावतात, बाई थकते, दुखणं कमी करायला एपिड्युरल हवं असतं, पाणी हिरवट येतं म्हणजे बाळानं आत शी केलेली असते, ठोके खाली जाऊ लागतात. शेवटच्या दोन कारणांत थांबायला वेळ नसतो. कळा मंदावल्यावर कळा वाढवायच्या औषधाचं जे सलाईन लावतात ते केंद्रात लावूच नये, कारण ते चालू असताना बाळाच्या ठोक्यांवर सतत लक्ष आणि मागं थिएटर लागतं. "जरा सलाईन लावून बघू" म्हणणाऱ्या केंद्राला माझा नकार.

बाळ झाल्यावरचा तास सगळ्यात फसवा. पेढे वाटायला सुरुवात होते आणि रक्त तेव्हाच जातं. बाळ बाहेर आल्याबरोबर रक्त रोखायला ऑक्सिटोसिन 10 युनिट, हे प्रत्येकीला. हे औषध 2 ते 8 अंशांत ठेवावं लागतं. वीज गेली, फ्रिज बंद राहिला, की बाटली तीच दिसते पण गुण कमी होतो. म्हणून केंद्र बघायला गेल्यावर फ्रिज उघडायला सांगावा, आत थर्मामीटर आहे का आणि वीज गेल्यावर काय सोय आहे ते विचारावं. रक्त थांबवणारं ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड 1 ग्रॅम आहे का? ते बाळंतपणानंतर तीन तासांच्या आत दिलं तरच उपयोगाचं. 2023 साली आलेल्या ई-मोटिव्ह चाचणीत रक्त मापपट्टीच्या पिशवीत गोळा करून मोजलं आणि गर्भपिशवीचा मसाज, ऑक्सिटोसिन, ट्रॅनेक्सॅमिक, सलाईन, तपासणी हे सगळं एकत्र केलं, तर गंभीर रक्तस्रावाचे परिणाम 60 टक्क्यांनी घटले. नुसत्या डोळ्यांनी अंदाज केला की रक्त नेहमी कमीच वाटतं. चादरीत मुरलेलं तर कुणी धरतच नाही.

वार अर्ध्या तासात पडली नाही तर गाडी बोलवायची. बाळ रडलं नाही तर पहिल्या मिनिटातच पिशवी-मास्कनं श्वास द्यायचा. मास्क दोन मापांचे, 0 आणि 1, हाताशी हवेत, कपाटाच्या कुलपात नव्हेत. रक्तदाब चढून झटक्याची भीती असेल तर पुढं पाठवण्याआधी मॅग्नेशियम सल्फेट 10 ग्रॅम, दोन्ही कुल्ल्यांत 5-5. ही सुई देऊन पाठवतात की नुसती चिठ्ठी देऊन, यावर ते केंद्र ओळखावं.

शनिवार

दोन्हीकडं सारखंच मागता येतं असंही बरंच आहे, आणि ते मिळालं तर निम्मं भांडण मिटतं. पिशवीचं तोंड 5 सेंटिमीटर उघडेपर्यंत खऱ्या कळांची सुरुवात धरू नये, हे जागतिक आरोग्य संघटनेनं 2018 साली सांगितलं. तासाला एक सेंटिमीटर उघडलंच पाहिजे हा जुना हिशेबही तेव्हाच सुटला. 2-3 सेंटिमीटरवर दाखल झालेली बाई बारा तास खाटेवर पडून राहते, सगळे घाबरतात, आणि सलाईन सुरू होतं. आतली तपासणी चार तासांनी पुरते. ठोके मात्र दर 15 ते 30 मिनिटांनी, शेवटी बाळ खाली येताना दर 5 मिनिटांनी, कळ चालू असताना आणि ओसरल्यावरही ऐकायचे. मिनिटाला 110 ते 160 ठीक. कमी जोखमीच्या बाईनं पेज प्यावी, हिंडावं, पाहिजे त्या कुशीवर व्हावं. पोटावर चढून दाब देणं, सरसकट कातर देणं, खालचे केस काढणं, एनिमा, याला आधार नाही. नाळ किमान मिनिटभर थांबून कापायची.

हे सगळं ऐकणारा डॉक्टर आणि हे सगळं करणारी मिडवाइफ, यात पहिलटकरणीसाठी मी डॉक्टरकडं जाईन, थिएटर तिथं असल्यामुळं. दुसऱ्या खेपेची, पहिलं सुखरूप झालेली, हिमोग्लोबिन 11, आणि मोठं रुग्णालय दहा-पंधरा मिनिटांवर नदीच्या याच काठाला, तर मिडवाइफकडं खुशाल जावं.

रविवार

ओटभरण झालं की लेक पुण्याहून माहेरी येते, कोल्हापुरात किंवा आणखी पुढं आजऱ्याला, चंदगडला. मिडवाइफच्या पद्धतीचा गाभाच असा की पाचव्या महिन्यापासून एकीनंच बघावं आणि तिनंच बाळ घ्यावं. आमच्या रीतीत तो धागा सातव्यातच तुटतो. यायचंच तर 32 व्या आठवड्यापर्यंत यावं, म्हणजे नव्या जागी तीन-चार भेटी तरी होतात. माता बाल संरक्षण कार्ड, सोनोग्राफीचे सगळे रिपोर्ट आणि रक्तगट मूळ कागदांत आणावेत. मोबाइलवरचा फोटो रात्री दोनला चार्जिंगअभावी उघडत नाही. रक्तगट निगेटिव्ह असेल तर त्याच गटाच्या दोघा नातेवाइकांची नावं आधीच लिहून ठेवावीत.

108 आणि 102 हे नंबर सगळ्यांना पाठ असतात. गाडीत बाईबरोबर कोण बसणार, हे मात्र कुणी ठरवलेलं नसतं. केंद्रातली सिस्टर बसणार असेल तर मागं राहिलेल्या बाईजवळ कोण, हेही विचारावं. बाईला डाव्या कुशीवर न्यायचं, साधं सलाईन लावूनच निघायचं, आणि समोरच्या रुग्णालयाला निघतानाच फोन करायचा, पोचल्यावर नव्हे.

लवकर घरी जायची घाई असेल तर जाणून घ्यावं: किमान 24 तास थांबायचं, आणि बाळाची कावीळ दुसऱ्या ते पाचव्या दिवसात दिसते, म्हणजे बहुधा घरी. आशाताई 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी येतात. बाळ-बाळंतिणीची खोली अंधारी ठेवली की पिवळेपणा त्यांनाही दिसत नाही, तेवढं खिडकीचं पडदं सारून ठेवावं.