सॉल्सबरी हॉल : मॉस्किटोच्या रेषा तपासताना

वॉटफर्ड जंक्शनहून सेंट ऑल्बन्स अ‍ॅबीपर्यंत एकेरी रुळावरून जाणाऱ्या छोट्या गाडीत बसलो, तेव्हा माझ्या मांडीवर पुठ्ठ्याची एक लांब नळी होती आणि तिच्यात ट्रेसिंग पेपरवर शाईने काढलेली चार आरेखने गुंडाळून ठेवलेली होती. पुण्यातल्या एका यंत्रकारखान्याच्या ड्रॉइंग विभागात चौतीस वर्षे काम केल्यावर निवृत्तीनंतर मी जुन्या विमानांची प्रमाणबद्ध आरेखने करू लागलो, आणि त्यांत सर्वांत जास्त दिवस मी ज्या विमानाला दिले ते म्हणजे दुसऱ्या महायुद्धातले डी हॅविलंड मॉस्किटो. दोन इंजिनांचे, दोन माणसांचे आणि जवळजवळ सगळे लाकडाचे हे विमान मी सहा वर्षे केवळ छायाचित्रे व छापील नकाशे पाहून काढत होतो. मुलीकडे वॉटफर्डला येणे झाले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात ही नळी घेऊन निघालो.

सेंट ऑल्बन्सहून बसने लंडन कोलनीला उतरून सॉल्सबरी हॉलला जाता येते. जवळून मोठा महामार्ग जातो आणि वाहनांचा आवाज सतत कानावर येत राहतो. पण अरुंद रस्त्याने आत वळले की झाडी, पाण्याने भरलेला खंदक आणि खंदकापलीकडे विटांचे जुने घर दिसते. घर खाजगी मालकीचे आहे, आणि त्याच्या आवारात विमानांचे संग्रहालय आहे. ऑक्टोबर १९३९ मध्ये, युद्ध सुरू होऊन जेमतेम महिना झाला असताना, डी हॅविलंड कंपनीने आपला आरेखन विभाग हॅटफील्डच्या कारखान्यातून उचलून या घरात आणला, कारण कारखान्यावर बॉम्ब पडण्याची भीती होती आणि काम गुप्त ठेवायचे होते. मुख्य अभिकल्पक आर. ई. बिशप आणि त्यांचे सहकारी येथे फळ्यांवर वाकून बसले. ज्या माणसाने आयुष्य ड्रॉइंग बोर्डासमोर काढले आहे, त्याला त्या खिडक्यांकडे पाहून काय वाटले असेल हे मी वेगळे सांगत नाही.

शस्त्रे नसलेले, केवळ वेगाच्या जोरावर शत्रूच्या हातून निसटणारे बॉम्बफेकी विमान, तेही लाकडाचे, ही कल्पना हवाई मंत्रालयातल्या अनेकांना पटत नव्हती. हवाई दलातले वरिष्ठ अधिकारी सर विल्फ्रिड फ्रीमन यांनी ती उचलून धरली आणि १ मार्च १९४० रोजी पन्नास विमानांची मागणी नोंदवली गेली. कारण साधे होते. अ‍ॅल्युमिनियम आणि धातूकाम करणारे कारागीर आधीच अपुरे पडत होते, तर लाकडाचे कारखाने व सुतार रिकामे होत चालले होते. बिशप यांनी मात्र सुरुवातीपासूनच कॉकपिटच्या फरशीखाली चार तोफा मावतील एवढी जागा राखून ठेवली होती, आणि त्या जागेमुळेच पुढे या बॉम्बफेकी विमानाचे लढाऊ विमान होऊ शकले.

संग्रहालयात पाहण्यासारखे पुष्कळ आहे, पण मी सरळ डब्ल्यू ४०५० समोर जाऊन उभा राहिलो. हे मॉस्किटोचे पहिले नमुना-विमान. येथेच एका हँगरमध्ये ते बांधले गेले, ३ नोव्हेंबर १९४० रोजी रस्त्याने हॅटफील्डला नेले गेले आणि २५ नोव्हेंबरला जेफ्री डी हॅविलंड, म्हणजे कंपनीच्या संस्थापकांचे थोरले चिरंजीव, यांनी ते प्रथम उडवले. आरेखन विभाग या घरात येऊन तेव्हा तेरा महिने झाले होते. कोऱ्या कागदापासून उड्डाणापर्यंत तेरा महिने! माझ्या कारखान्यात एका गिअरबॉक्सची ड्रॉइंग मंजूर व्हायला याहून अधिक काळ लागलेला मी पाहिला आहे. विमानाचे पोट पिवळे आहे, वरच्या बाजूला हिरव्या-तपकिरी रंगाचे पट्टे आहेत, आणि इतक्या वर्षांनंतरही धडाची वक्रता इतकी नितळ आहे की कोठे रिव्हेटची एक ओळ दिसत नाही, कारण मुळात रिव्हेटच नाहीत.

या नितळपणाचे रहस्य शेजारच्या एका कापून ठेवलेल्या तुकड्यात दिसले. बाहेर बर्च लाकडाचे पातळ प्लायवूड, आत तसेच दुसरे, आणि मध्ये बाल्सा हे अतिशय हलके लाकूड. सगळ्याची मिळून जाडी सुमारे अकरा मिलिमीटर. मी आरेखन १:७२ या प्रमाणात करतो. त्या प्रमाणात ही भिंत ०.१५ मिलिमीटर होते, म्हणजे माझ्या सर्वांत बारीक पेनाची रेघसुद्धा तिच्याहून जाड पडते. सहा वर्षे सेक्शन काढताना मी ती भिंत एका रेघेने दाखवत आलो, आणि त्या एका रेघेच्या पोटात तीन थर आहेत हे तेथे डोळ्यांनी पाहिले. धडाचे डावे आणि उजवे अर्धे भाग वेगवेगळ्या साच्यांवर तयार करत. वायर, नळ्या, यंत्रणा हे सारे अर्ध्या धडात उघड्यावर बसवून घेत आणि मग शेंगेची दोन टरफले मिटावीत तसे दोन्ही भाग जोडत. पंख मात्र एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड, ५४ फूट २ इंचांचा, आणि धड त्याच्यावर आणून बसवायचे. माझ्या कागदावर हाच पंख २२९ मिलिमीटरचा आहे.

लाकडावर शेवटी जे सुती कापड ताणून चिकटवत आणि त्यावर लुकण देत, त्याचे नाव मॅडापोलम. हे नाव वाचून मी थबकलो, कारण ते आंध्रात गोदावरीच्या मुखाजवळ नरसापूरपाशी असलेल्या एका गावावरून आले आहे. तेथे ईस्ट इंडिया कंपनीची कापडाची वखार होती. वखार गेली, पण गावाचे नाव कापडाला चिकटून राहिले आणि अखेर इंग्लंडमधल्या एका विमानाच्या अंगावर गेले.

आता माझ्या आरेखनांकडे वळतो. त्यांतल्या काही रेषांविषयी मला खात्री नव्हती आणि त्या तपासायलाच मी आलो होतो.

पहिली रेषा पंखाच्या पुढच्या कडेची. धड आणि इंजिन यांच्यामधला पंखाचा भाग पुढे सरकलेला दिसतो, आणि अनेक आरेखनांत तो कमी-अधिक काढलेला असतो. त्या भागात रेडिएटर बसवले आहेत. त्यासाठी कडा बावीस इंच पुढे आणली. इंजिनाखाली लटकणारे रेडिएटर हवेला अडवतात, तर येथे हवा पंखाच्या कडेतून आत शिरते आणि तापून मागून बाहेर पडताना थोडा धक्काही देऊन जाते. १:७२ मध्ये बावीस इंच म्हणजे पावणेआठ मिलिमीटर. माझे साडेसात होते.

दुसरी रेषा नॅसेलची, म्हणजे इंजिनावरच्या लांबट खोळीची. सुरुवातीच्या उड्डाणांत विशिष्ट वेगाला शेपटीचा भाग थरथरू लागे. खोळ पंखाखालीच संपत होती आणि तिच्या मागे हवा विस्कटून शेपटीवर आदळत होती. वेगवेगळे उपाय करून झाल्यावर खोळ मागे वाढवून पंखाच्या मागच्या कडेच्याही बाहेर काढली, तेव्हा थरथर थांबली. पण खोळ लांबली म्हणून तिच्या वाटेत येणारा फ्लॅप, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेचा खाली झुकणारा भाग, मध्ये तोडून दोन तुकड्यांत करावा लागला. उत्पादनातली पहिली थोडी विमाने तरीही आखूड खोळीचीच बाहेर पडली. संग्रहालयात टी ए ६३४ हे नंतरचे बॉम्बफेकी मॉस्किटो आहे. त्याच्या पंखामागे उभे राहून मी ती लांब खोळ आणि तुटलेला फ्लॅप कितीतरी वेळ पाहत होतो. कागदावर ही फ्लॅपमधली फट म्हणजे दोन समांतर रेघा आहेत. त्या का आहेत हे ठाऊक नसलेला माणूस त्या आखूड खोळीच्या विमानावरही काढून बसतो, आणि अशी छापील आरेखने मी पाहिली आहेत.

लढाऊ प्रकाराची रेषा समोरच्या काचेची. बॉम्बफेकी विमानाची काच मध्ये टोक काढलेली, दोन बाजूंना उतरणारी असते. लढाऊ विमानाची सपाट आणि गोळी अडवणारी. बॉम्बफेकी विमानात शिरायचे ते पोटाखालच्या झडपेतून, लढाऊ विमानात उजव्या बाजूच्या दारातून. पहिल्यात वैमानिकाच्या हातात चाक, दुसऱ्यात दांडी. नाकात चार मशीनगन, फरशीखाली २० मिलिमीटरच्या चार तोफा. टी ए १२२ हे लढाऊ-बॉम्बफेकी मॉस्किटो येथेच आहे. त्याचे धड होते पण पंख नव्हता, आणि बसवलेला पंख इस्रायलमधल्या एका किबुत्झमध्ये, म्हणजे सामूहिक शेतीच्या वस्तीत, सापडलेला, दुसऱ्याच मॉस्किटोचा आहे. स्वयंसेवकांनी वर्षानुवर्षे खपून ही जुळणी केली. एका वयस्क स्वयंसेवकाला मी नळीतले कागद उलगडून दाखवले. त्यांनी चष्मा वर करून आधी धडाची डावी बाजू पाहिली, मग उजवी, आणि काही न बोलता मला हाताला धरून टी ए ६३४ च्या शेपटीकडे नेले. तेथे उजव्या बाजूला, मागच्या झडपेच्या वर, धडाच्या लांबीत एक लाकडी पट्टी बाहेरून बसवलेली आहे. झडपेसाठी भोक पाडल्यामुळे धड तेथे दुबळे झाले होते, म्हणून हा आधार. झडप एकाच बाजूला आहे, म्हणून पट्टीही एकाच बाजूला. मी एका जुन्या छापील आरेखनावर विसंबून ती दोन्ही बाजूंना काढली होती.

लढाऊ मॉस्किटोच्या पहिल्या नमुन्याची, डब्ल्यू ४०५२ ची, हकिकत याच आवारातली आहे. ते येथे तयार झाले, पण सुटे करून हॅटफील्डला नेऊन पुन्हा जोडायचे तर सुमारे महिना गेला असता. तेव्हा जेफ्री डी हॅविलंड यांनी १५ मे १९४१ रोजी ते शेजारच्या साडेचारशे यार्डांच्या शेतातून सरळ उडवून नेले. त्याच्या आदल्याच दिवशी कारेल रिख्टर नावाचा जर्मन हेर पॅराशूटने लंडन कोलनीजवळ उतरून पकडला गेला होता. एप्रिल १९४२ मध्ये रात्रीच्या लढाऊ मॉस्किटोंनी रडारच्या साह्याने पहिल्या गस्ती घातल्या, आणि युद्धानंतरच्या उत्पादनासह एकूण ७,७८१ मॉस्किटो बांधली गेली. डी हॅविलंड कुटुंबाने त्याची किंमतही मोजली. जेफ्री यांचे धाकटे भाऊ जॉन १९४३ मध्ये दोन मॉस्किटोंच्या हवेतल्या टकरीत गेले. जेफ्री १९४६ मध्ये एका जेट विमानाची चाचणी घेताना गेले. किंमत इतरांनीही मोजली. २१ मार्च १९४५ रोजी कोपनहेगनमधल्या गेस्टापोच्या, म्हणजे जर्मन गुप्त पोलिसांच्या, मुख्यालयावर हल्ला करताना एक मॉस्किटो दिव्याच्या खांबाला धडकून शाळेजवळ कोसळले, आणि मागून येणाऱ्या काही विमानांनी त्या धुरालाच लक्ष्य समजून बॉम्ब टाकले. शाळेतली ८६ मुले मेली. मॉस्किटोचे कौतुक करणाऱ्याने हा आकडाही लक्षात ठेवला पाहिजे असे मला वाटते.

हिंदुस्थानातही मॉस्किटो आली होती. कोलकात्याच्या अलिपूरहून ६८४ क्रमांकाचे स्क्वाड्रन ब्रह्मदेशावर जाऊन छायाचित्रे घेत असे. १९४४ च्या उत्तरार्धात काही विमानांचे पंख हवेत निकामी झाले आणि नोव्हेंबरमध्ये या भागातली मॉस्किटो जमिनीवर उभी करून तपासावी लागली. कंपनीचे मेजर हेरवर्ड डी हॅविलंड तपासाला आले. कोणी दोष हवेला दिला, कोणी चिकटवण्याच्या कामातल्या हलगर्जीपणाला. सुरुवातीचा गोंद दुधातल्या केसिनचा होता. पुढे फॉर्मॅल्डिहाइडचा, ओल सोसणारा गोंद आला. श्रावणात फुगून चौकटीत अडकणारे दार ज्याने ढकलले आहे, त्याला लाकूड पावसाळ्यात काय करते ते समजावून सांगावे लागत नाही.

२०१७ मध्ये वेल्समधल्या ब्रॉटन येथील विमान-कारखान्याची जुनी इमारत पाडण्याच्या आधी तेथे मॉस्किटोची वीस हजारांहून अधिक मूळ आरेखने मायक्रोफिल्मच्या कार्डांवर सापडली, आणि पुन्हा एक मॉस्किटो उडवू पाहणाऱ्या संस्थेला ती देण्यात आली. वीस हजार! प्रत्येक कागदाखाली कोणा आरेखकाची आद्याक्षरे, तारीख आणि दुरुस्तीचा रकाना असणार. नॅसेल लांबवल्याची दुरुस्ती कोणी तरी अशाच रकान्यात लिहिली असेल.

संध्याकाळी परत आलो. मुलीने स्वयंपाकघरातले टेबल मोकळे करून दिले. ट्रेसिंगवरची शाई रबराने जात नाही, म्हणून नवे ब्लेड घेतले, ते जवळजवळ आडवे धरून धडाच्या डाव्या बाजूवरची पट्टीची रेघ हळूहळू खरवडली, आणि खरवडलेली जागा नखाने घोटून गुळगुळीत केली, म्हणजे पुढे कधी तेथे शाई फुटणार नाही. नंतर पंखाची कडा पाव मिलिमीटर पुढे घेतली. खालच्या कोपऱ्यातल्या दुरुस्तीच्या रकान्यात तारीख घालून लिहिले : 'पट्टी फक्त उजवीकडे. प्रत्यक्ष पाहून, सॉल्सबरी हॉल.'