मामांची साक्ष मुंबईकडून, दावा मात्र इथला

आमचं गाव बेळगावकडच्या खानापूर तालुक्यात. आजोबांनी 1994 मध्ये मृत्युपत्र केलेलं, त्यावर साक्षीदार दोन. एक वारले, दुसरे आमचे मामा, वय 84, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं आणि राहायला मुंबईकडं मुलाजवळ. चुलतभाऊ म्हणतोय सही खोटी. आता मृत्युपत्र शाबित करायचं तर त्यावर सही केलेल्या साक्षीदारांपैकी कुणी हयात असेल तर निदान एकाला तरी कोर्टात तपासावं लागतंय, म्हणजे आमची सगळी भिस्त मामांवरच.

पहिल्या वकिलांनी सरळ सांगितलं, पिंजऱ्यात उभं राहावंच लागणार. मामांना रात्रभर गाडीत बसवून आणायचं म्हटल्यावर मामी रडायलाच लागल्या. मग नवीन वकील केले, पोरगेलेसेच, पण ते म्हणाले अहो ताई, सुप्रीम कोर्टानं 2003 लाच डॉ. प्रफुल्ल देसाईंच्या केसमध्ये सांगितलंय की अमेरिकेतल्या डॉक्टरची साक्ष व्हिडिओवर घेता येते, ती तर फौजदारी केस होती, आणि कर्नाटक हायकोर्टाचे 2020 पासून व्हिडिओ कॉन्फरन्सिंगचे नियमच आहेत. फक्त अर्ज करावा लागतो, आपोआप काही होत नाही.

डॉक्टरचं सर्टिफिकेट लावून अर्ज दिला. समोरच्या वकिलांची हरकत, की मागं कुणीतरी बसून पढवेल. खरं सांगू, मलाही ते पटलं, आमचा मामेभाऊ गप्प बसणारा नव्हेच! जजसाहेबांनी परवानगी दिली पण घरून फोनवर नाही, मामांच्या जवळच्या कोर्टातल्या व्हिडिओ रूममधून, तिथला माणूस ओळखपत्र बघणार. सरतपासणीचं, म्हणजे आमच्या बाजूनं द्यायच्या साक्षीचं, अफिडेव्हिट आधीच करून पाठवलेलं होतं, राहिली होती उलटतपासणी, म्हणजे समोरच्या वकिलांचे प्रश्न. मूळ मृत्युपत्र इथं, म्हणून त्याची रंगीत स्कॅन कॉपी तिकडं पाठवली. खर्च आमचा.

त्या दिवशी सुरुवातीला आवाजच येईना, मग आला तर दोनदा घुमायला लागला. समोरच्या वकिलांनी कॅमेरा खोलीभर फिरवायला लावला, टेबलाखाली पण बघितलं. मामा प्रत्येक प्रश्नाला नुसती मान हलवायचे, साहेब म्हणाले, अज्जा, तोंडानं सांगा, मान टाईप होत नाही. साहेब कन्नडवाले पण मराठी चांगलं समजतंय त्यांना, टाईप कन्नडमध्ये, आणि शेवटी मामांना मराठीत वाचून दाखवलं.

सही दाखवल्यावर मामांनी चष्मा काढला, कागद पार नाकाला लावला आणि म्हणाले, ‘ही माझीच, पाटील लिहिताना ल ची शेपूट मी खाली ओढतो, मास्तरांचा मार खाऊनही गेली नाही ती सवय.’ मग वकिलांनी विचारलं आजोबांनी तुमच्यासमोर सही केली का. मामा म्हणाले, ‘व्हय, माडीवर, माझाच पेन घेतला आणि परत दिला नाही.’ इथं सगळे हसले, चुलतभाऊ पण.

साक्षीचा प्रिंट तिकडंच निघाला, मामांनी त्यावर सही केली, तो मागून इकडं आला. आता आर्ग्युमेंटची तारीख लागलीय.

संध्याकाळी मामांचा फोन, ‘अगं, पूर्वी साक्षीदाराला भत्ता मिळायचा, व्हिडिओवाल्याला देत न्हाईत काय?’ दुसऱ्या दिवशी बेळगावचा कुंदा पार्सल केला, साक्ष झाल्यावरच हं, आधी नाही.