गव्हावर तांबेरा आला तेव्हाचा माझा अनुभव

मोहोळजवळ आमचा दोन एकर लोकवन गहू. ऊस तुटून रान मोकळं व्हायलाच निम्मा डिसेंबर गेला म्हणून पेरणी लांबली, आणि गहू पोटरीत यायच्या टायमाला चार-पाच दिवस आभाळ आलं. खालची पानं पिवळी दिसायला लागली. मला वाटलं युरिया कमी पडला, दुकानदार पण तेच म्हणाला, वर एक टॉनिक दिलं. टाकला युरिया. गहू लुसलुशीत झाला आणि रोग दुप्पट. एक दिवस आबा सकाळी सकाळी रानातनं आले तर पायजमा गुडघ्यापर्यंत विटकरी रंगाचा. म्हणाले, "तांबेरा हाय ह्यो."

भाचा ॲग्री शिकतोय, त्याला फोटो टाकला. तो म्हणाला मामा, पायजम्याला लागलेली ती विटकरी पावडर म्हणजे बुरशीचं बी, कोरड्या पानावर पडलं तर काही होत नाही, पण पान सहा-आठ तास दवानं ओलं राहिलं आणि हवा 15 ते 20 डिग्री असली की ते उगवतं, त्याचा धागा पानावरनं सरकत सरकत पानाचं श्वासाचं छिद्र शोधतो आणि आत घुसतो. मग आठ-दहा दिवस वरनं काहीच कळत नाही. म्हणजे आज दिसणारा ठिपका मागच्या आठवड्यातल्या दवाचा! उन्हाळ्यात इथं हिरवा गहूच नसतो त्यामुळं हा रोग टिकत नाही, दरवर्षी नीलगिरी-पळणीसारख्या थंड डोंगरातनं वाऱ्यावर येतो.

मग मी रोज सकाळी बांधावर. बाकी रानातलं दव आठला सुकायचं, पण पूर्वेला शेजाऱ्याचा ऊस, त्याच्या सावलीतल्या वाफ्यात साडेनऊलासुद्धा हात लावला की पान ओलं. आणि तांबेरा सगळ्यात जास्त तिथंच. हे बघून मला खरंच धक्का बसला, इतकी वर्षं मी फक्त पिकाकडं बघत होतो.

युरिया बंद. रात्रीच्या लाईटवर दारं धरायचं सोडलं, दिवसाची पाळी आली की मगच पाणी. दव सुकल्यावर प्रोपिकोनाझोल हे बुरशीचं औषध फवारलं, 15 लिटरच्या पंपाला 15 मिली, पंधरा दिवसांनी परत. जुने ठिपके जात नाहीत हां, औषध लागू पडलं का ते ओंबीखालच्या पानावर बघायचं, दाणा तेच पान भरतं. आमचं ते पान वाचलं, फक्त उसाकडच्या वाफ्यातला दाणा सुरकुतला.

यंदा नेत्रावती वाणाचा गहू पेरलाय, नोव्हेंबरातच, आणि उसाकडच्या पट्ट्यात गहू नाही, हरभरा आहे.