कोअर स्विच बदलल्यानंतरचा पहिला सोमवार

त्या सोमवारी जे लवकर ऑफिसला आले त्यांचं सगळं व्यवस्थित चालू होतं आणि साडेनऊनंतर जे आले त्यांचं काहीच चालत नव्हतं. एकाच मजल्यावर, एकाच ॲक्सेस स्विचवर (लोकांची मशीनं ज्याला जोडलेली असतात तो स्विच), शेजारी शेजारी बसलेली दोन माणसं, एकाचं ईआरपी (कंपनीच्या कामाचं सॉफ्टवेअर) पटकन उघडतंय आणि दुसऱ्याचं नुसतं फिरत बसलंय. इतकी वर्षं नेटवर्कमध्ये काम करतेय, लूप बघितले, कापलेली फायबर बघितली, डीएचसीपीचा पूल, म्हणजे वाटायचे आयपी पत्ते, संपलेला बघितला, पण उशिरा येणाऱ्यांनाच नेटवर्क नाही असा फॉल्ट तोवर बघितला नव्हता.

आदल्या शनिवार-रविवारी आम्ही कोअर, म्हणजे सगळ्या इमारतींचं नेटवर्क जिथे एकत्र येतं ते मुख्य स्विच, बदलला होता. जुन्या दोन चॅसिसचा सॉफ्टवेअर सपोर्ट संपलेला, त्यांच्या जागी नवे दोन फिक्स्ड बॉक्स, प्रत्येकात ४८ दहा-गिग पोर्ट आणि सहा शंभर-गिग पोर्ट, दोघांमध्ये एमएलएजी (दोन बॉक्स खालच्या स्विचला एकच दिसावेत अशी जोडणी), खालच्या प्रत्येक ॲक्सेस स्विचचा एक अपलिंक (वर जाणारी लिंक) एका कोअरला आणि एक दुसऱ्याला. ॲक्सेस आणि कोअर यांच्या मधला डिस्ट्रिब्यूशन लेयर वेगळा नाही, म्हणजे कोलॅप्स्ड कोअर, सगळ्या व्हीलॅनचे (त्याच स्विचवर वेगळ्या केलेल्या नेटवर्कचे) गेटवे, म्हणजे बाहेर पडायची दारं, कोअरवरच. रविवारी संध्याकाळपर्यंत एकेक बॉक्स बंद करून बघितला, अपलिंक काढून बघितले, पॉवर सप्लायची एकेक बाजू काढून बघितली, सगळं पास. फक्त तेव्हा इमारतींमध्ये माणसं नव्हती आणि या गोष्टीला महत्त्व आहे हे सोमवारी कळलं.

साधारण पावणेदहाला हेल्पडेस्कवरचा मुलगा धावत आला, "मॅडम, काहीतरी विचित्र आहे, वायफाय बंद चालू केलं की काहींचं लागतंय, काहींचं नाही, आणि प्रिंट मात्र सगळ्यांच्या जातायत." ते प्रिंटचं वाक्य मी लगेच वहीत लिहून घेतलं, कारण प्रिंटर त्याच मजल्याच्या व्हीलॅनमध्ये आहेत. म्हणजे व्हीलॅनच्या आतलं चालतंय आणि बाहेर जायचं म्हटलं की अडतंय. लेयर टू ठीक, लेयर थ्रीमध्ये गडबड.

पण कोअरवर बघावं तर सगळं हिरवं. इंटरफेसवर एरर शून्य, अपलिंकवर आठ-दहा टक्के लोड, सीपीयू नेहमीपेक्षा थोडा वर पण घाबरण्यासारखा नाही. ज्याचं चालत नाही त्याचा आयपी घेतला, कोअरवर एआरपी (कोणत्या आयपीचा मॅक, म्हणजे हार्डवेअरचा पत्ता, कोणता याची यादी) बघितला, एन्ट्री आहे. मॅक टेबल बघितलं, बरोबर पोर्टवर मॅक आहे. कोअरवरून पिंग केलं, रिप्लाय येतोय! आणि तोच माणूस फोनवर सांगतोय की काहीही उघडत नाहीये. अशा वेळी "पिंग होतंय म्हणजे नेटवर्क ठीक आहे" म्हणून ॲप्लिकेशनवाल्यांकडे बोट दाखवायचा मोह होतो, आणि तिकडून ते फायरवॉलकडे बोट दाखवतात, आणि दुपार होते.

आमच्या टीममधल्या एकाने सर्व्हरवर येणारी-जाणारी पॅकेट टिपायला कॅप्चर लावला आणि तिथे पहिली खरी गोष्ट दिसली. क्लायंटचा सिन (कनेक्शन सुरू करायची विनंती) सर्व्हरपर्यंत येतोय, सर्व्हर सिन-ॲक (त्याचं उत्तर) पाठवतोय, आणि परत थांबून थांबून क्लायंटचा तोच सिन. म्हणजे जाताना रस्ता आहे, येताना नाही. लॅपटॉपकडून सर्व्हरकडे जाणारं पॅकेट कोअर नीट पुढे ढकलतोय, सर्व्हरकडून लॅपटॉपकडे येणारं पॅकेट कोअरमध्येच कुठेतरी हरवतंय. एकतर्फी म्हटलं की सगळ्यांना असिमेट्रिक राउटिंग (जायचा रस्ता एक, यायचा दुसरा) आणि फायरवॉल आठवतो, पण हा सर्व्हर आणि हा यूजर यांच्यामध्ये फायरवॉलच नव्हता.

इथे थोडं आतलं सांगते, कारण याशिवाय पुढचं समजणार नाही. स्विचमध्ये दोन जगं असतात. सीपीयूवर चालणारं सॉफ्टवेअर एआरपी शिकतं, राउटिंग करतं, आणि तिथे मेमरी भरपूर असते. पण खरी पॅकेट सीपीयूकडे जातच नाहीत, ती चिपमधूनच निघून जातात, आणि चिपला जे माहीत असायला हवं ते सॉफ्टवेअर तिच्या छोट्या टेबलांमध्ये लिहून ठेवतं. मॅकचं एक टेबल, रूटचं (कुठल्या नेटवर्ककडे कुठून जायचं) एक, आणि होस्टचं (एकेका मशीनचं) एक, ज्यात कोणत्या आयपीसाठी कोणता मॅक, कोणता पोर्ट हे असतं. आपण कमांड मारून जो एआरपी बघतो तो सॉफ्टवेअरचा. कोअरवरून केलेलं पिंग सीपीयूवरूनच निघतं आणि सीपीयूकडेच परत येतं, त्यामुळे त्याला चिपचं होस्ट टेबल भरलंय की रिकामंय याच्याशी देणंघेणं नाही. आमचा सगळा तपास चुकीच्या जगात चालला होता.

मग चिपमध्ये किती होस्ट एन्ट्री आहेत ते बघायची कमांड शोधली, मारली, आणि आकडा आला १६,३८४ पैकी १६,३८४.

आता टेबल भरल्यावर काय होतं? नवीन होस्टची एन्ट्री चिपमध्ये बसत नाही. त्याच्यासाठी पॅकेट आलं की चिपला फक्त तो सबनेट (पत्त्यांचा गट) आपल्याशी जोडलेला आहे एवढंच ठाऊक, नेमका होस्ट ठाऊक नाही, म्हणून ती पॅकेट सीपीयूकडे ढकलते. आणि सीपीयू मरू नये म्हणून त्याच्या तोंडावर कंट्रोल प्लेन पोलिसिंग बसवलेलं असतं, ते ठराविक संख्येच्या पुढची पॅकेट टाकून देतं. म्हणून सीपीयू शांत दिसत होता, म्हणून काहींचं रडत रखडत चालत होतं, आणि म्हणून सकाळी लवकर येऊन ज्यांनी चिपमध्ये जागा पकडली होती त्यांचं उत्तम चाललं होतं. कोणी लॅपटॉप बंद करून गेला आणि काही वेळाने त्याची एन्ट्री निघाली की त्या क्षणी जो वायफाय बंद चालू करत असेल त्याचं नशीब! पोलिसिंगचे ड्रॉप काउंटर बघितले तर आकडा नजरेसमोर पळत होता. लॉगमध्ये टेबल भरल्याचा मेसेजही आलेला होता, पण सिव्हिरिटी चारचा, म्हणजे वॉर्निंग (आकडा जितका लहान तितकं गंभीर), आणि आमचे अलर्ट तीन आणि त्याखालच्यांवर लावलेले, त्यात कटओव्हरमुळे, म्हणजे जुन्यावरून नव्यावर गेल्यामुळे, लिंक अप-डाउनचे ढीगभर मेसेज त्याच्या अवतीभवती.

पण सोळा हजार जागा भरल्या कशा? माणसं तेवढी नाहीत. वायरवरची मशीनं, डेस्क फोन, प्रिंटर, कॅमेरे सगळं मिळून तीन-साडेतीन हजार. उरलं वायफाय, आणि नव्या कोअरबरोबर आपण वायफायच्या व्हीलॅनवर आयपीव्ही सिक्स (आयपी पत्त्यांची नवी, लांब पत्त्यांची पद्धत) चालू केलं होतं, जे जुन्या कोअरवर नव्हतं. आयपीव्ही फोरमध्ये एका डिव्हाइसचा एक पत्ता. सिक्समध्ये तेच डिव्हाइस लिंक-लोकल (फक्त त्याच नेटवर्कपुरता) पत्ता घेतं, एक स्थिर पत्ता घेतं आणि प्रायव्हसीसाठी एक तात्पुरता पत्ताही बनवतं. पत्ता १२८ बिटचा, त्यामुळे आमच्या चिपमध्ये तो दोन जागा खातो. तीन पत्ते, सहा जागा, वर आयपीव्ही फोरची एक, झाल्या सात. वायरवाल्यांच्या तेहतीसशे वजा केल्या तर उरतात तेरा हजार, भागिले सात, म्हणजे अठराशे-एकोणीसशे वायफाय डिव्हाइस आली की संपलं. आमच्याकडे भर दुपारी पाच हजार असतात. आणि अशी टेबलं हॅशवर चालतात (एन्ट्री पत्त्यावरून ठरलेल्या खणातच बसते), म्हणजे काठोकाठ भरायच्या आधीच कुठे कुठे जागा मिळेनाशी होते, पण तो हिशोब बाजूला ठेवला तरी साडेनऊची वेळ बरोबर जुळत होती.

एवढ्यात वरून विचारणा आली की दुसऱ्या कोअरवर का टाकत नाही सगळं, दोन कशाला घेतले मग? प्रश्न रास्त होता. पण एमएलएजीमध्ये दोन्ही बॉक्स एकमेकांना एआरपी आणि नेबर एन्ट्री (आयपीव्ही सिक्समधल्या तशाच एन्ट्री) देत राहतात, कारण कुठलंही पॅकेट कुठल्याही बॉक्सवर येऊ शकतं, त्यामुळे पहिला भरला तेव्हाच दुसराही भरला होता. बॉक्स मेला, केबल तुटली, पॉवर गेली तर जोडी उपयोगी पडते. मर्यादाच संपली तर दोघांची एकदमच संपते. सरांना हे फोनवर सांगितलं, त्यांनी एकच विचारलं, "आत्ता काय करता येईल?"

आत्ता करण्यासारखं एकच होतं, गेस्ट वायफाय आणि मोबाइलच्या व्हीलॅनवरून आयपीव्ही सिक्स काढणं. आधी राउटर ॲडव्हर्टाइजमेंट (गेटवे कोण हे डिव्हाइसना सांगणारा मेसेज) लाइफटाइम शून्य करून पाठवली म्हणजे डिव्हाइसनी आम्हाला सिक्सचा गेटवे समजणं सोडावं, मग इंटरफेसवरून पत्ता काढला, नेबर एन्ट्री पुसल्या. होस्ट टेबल सोळा हजारांवरून बघता बघता दहा हजारांच्या खाली आलं आणि हेल्पडेस्कचे फोन थांबले. मला आयपीव्ही सिक्स बंद करायला अजिबात आवडलं नाही, ते चालू व्हावं म्हणून मीच मागे लागले होते आणि चूक त्याची नव्हतीच, पण त्या वेळी लोकांचं काम सुरू होणं पहिलं.

कायमचा उपाय त्याच बॉक्समध्ये होता. या चिप्समध्ये टेबलांची मेमरी बऱ्याच अंशी सामायिक असते आणि ती कशी वाटायची हे प्रोफाइलवर ठरतं. आमचे बॉक्स आले तसे डिफॉल्टवर, सगळ्याला थोडं थोडं, त्यात रूटसाठी प्रचंड जागा. आमच्याकडे रूट काहीशे! होस्टला जास्त जागा देणारं प्रोफाइल निवडलं की आकडा नव्वद हजारांच्या वर जात होता. फक्त त्याला रिलोड लागतो.

२०१४ मध्ये १२ ऑगस्टला इंटरनेटवर हेच झालं होतं. इंटरनेटचे एकूण रूट ५१२ हजारांच्या पुढे गेले आणि सिस्कोच्या ६५०० आणि ७६०० सिरीजच्या जुन्या बॉक्सेसमध्ये डिफॉल्ट वाटपात आयपीव्ही फोरला तेवढीच जागा होती. तिथेही मेमरी होती, वाटप बदलता येत होतं, आणि त्यालाही रिलोडच लागत होता.

रात्री रिलोड करण्याआधी प्रत्येक ॲक्सेस स्विचचे दोन्ही अपलिंक जिवंत आहेत का ते तपासलं आणि बरं झालं तपासलं, एका इमारतीतल्या स्विचचा एकच अपलिंक वर होता, दुसऱ्याचा ट्रान्सीव्हर (फायबर लावायचं मॉड्यूल) दुपारी कधीतरी गेला होता. नुसता रिलोड मारला असता तर ती इमारत गेली असती. ट्रान्सीव्हर बदलला, मग पहिला कोअर, तो परत येऊन सगळे पोर्ट चॅनेल (अपलिंकच्या जोड्या) जुळले आणि चिपमधल्या एन्ट्री सॉफ्टवेअरशी जुळल्या हे बघितल्यावरच दुसरा. पुढच्या दिवसांत आयपीव्ही सिक्स एकेका व्हीलॅनवर परत चालू केलं, दर वेळी होस्ट टेबलकडे बघत.

या सगळ्यानंतर कोअर स्विच निवडायच्या मीटिंगमध्ये मी आता टेराबिटच्या, म्हणजे एकूण क्षमतेच्या, रकान्यावर वेळ घालवू देत नाही. आमच्या बॉक्सचा आकडा होता २.१६ टेराबिट. ४८ दहा-गिग म्हणजे ४८० गिग, सहा शंभर-गिग म्हणजे ६००, झाले १०८०, आणि येणारं जाणारं दोन्ही धरून दुप्पट. आमचा भर दुपारचा ट्रॅफिक याच्या जवळपासही जात नाही. पॅकेटचा आकडाही तसाच, दहा-गिग पोर्टवर ६४ बाइटच्या फ्रेम पूर्ण वेगाने सोडल्या तर सेकंदाला १.४८८ कोटी पॅकेट होतात, तेवढं आजकालचा बहुतेक प्रत्येक बॉक्स करतो, तिथे फरकच राहिलेला नाही. फरक आहे तो होस्ट टेबलात, बफरमध्ये, सॉफ्टवेअर अपग्रेडला काय काय बंद पडतं त्यात. आणि डेटाशीटवर मॅक इतके, होस्ट इतके, रूट इतके असे जे मोठे आकडे असतात ते बहुतेकदा एकाच वेळी मिळत नाहीत, एक वाढवला की दुसरा कमी होतो. म्हणून मी व्हेंडरला लेखी विचारते: या प्रोफाइलमध्ये, इतके आयपीव्ही फोर होस्ट, इतके आयपीव्ही सिक्स नेबर, इतक्या ॲक्सेस लिस्ट (कोणाला जाऊ द्यायचं याचे नियम), सगळं एकदम चालू असताना चालेल का, आणि टेबल भरलं तर बॉक्स काय करतो? शेवटच्या प्रश्नाला उत्तर यायला सगळ्यात जास्त वेळ लागतो, पण ते आल्याशिवाय मी पुढे जात नाही. डेमो युनिट आलं की ट्रॅफिक जनरेटरने हजारो खोटे होस्ट उभे करून टेबल मुद्दाम फोडून बघतो.

डिझाइनबद्दलही माझं मत पक्कं झालंय. तीन लेयरच्या डिझाइनमध्ये कोअरला फक्त कुठल्या इमारतीकडे कुठला रस्ता जातो एवढंच माहीत असावं लागतं. कोलॅप्स केलं की त्याला घराघरातल्या प्रत्येकाचं नाव पाठ करावं लागतं. छोट्या जागी कोलॅप्स्ड कोअर उत्तम, पैसे वाचतात, बॉक्स कमी. पण वायफायवर हजारो डिव्हाइस आणि आयपीव्ही सिक्स असेल तर गेटवे खाली उतरवलेले बरे. आम्ही आता मोठ्या इमारतींमध्ये डिस्ट्रिब्यूशन स्विच टाकून वायफायचे गेटवे तिथे नेतोय. होस्ट टेबल सत्तर टक्क्यांवर गेलं की थेट ड्यूटीवरच्या माणसाला कॉल जातो, आणि टेबल भरल्याचा तो सिव्हिरिटी चारचा मेसेज अलर्टच्या यादीत नाव घेऊन टाकलाय.