फाईल रोज उघडत होते

संपादक मॅडमचा फोन आला तेव्हा सकाळचे अकरा वीस झाले होते. वेळ पक्की लक्षात आहे, कारण मी ऑफिसच्या जिन्यात उभी होते आणि उचलू की नको यातच तीन-चार रिंग गेल्या. "अगं, आज द्यायचाय ना लेख, कुठवर आलाय?" मी म्हटलं, होत आलाय मॅडम, संध्याकाळपर्यंत देते. त्यावर त्या म्हणाल्या, "मग आहे तेवढा पाठव ना आत्ताच, अर्धा असला तरी चालेल, चित्रं काढणाऱ्याला काहीतरी दाखवायचंय." मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला.

त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. अर्धा लेख मागितला होता फक्त. पण माझ्याकडे अर्धाही नव्हता आणि हे मला स्वतःलाही त्या क्षणापर्यंत नीट माहीत नव्हतं, हे आज लिहिताना विचित्र वाटतं पण खरं आहे.

फ्रीलान्स लिहायचं ठरवून तेव्हा पाच महिने झाले होते. नोकरी चालू ठेवून संध्याकाळी लिहायचं, जम बसला की नोकरी सोडायची, असा साधा बेत. तीन पिच, म्हणजे लेखाचे प्रस्ताव, गेल्या, उत्तर आलं नाही, चौथी या मॅडमनी घेतली. विषय होता रात्रपाळी करणाऱ्या लोकांची झोप, दीड हजार शब्द, मुदत बारा दिवस. आणि मी रोज बसत होते हो! सगळे सांगतात ना, ठरलेली वेळ ठेवा, ठरलेली जागा ठेवा, मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा, ते सगळं मी करत होते. रात्री साडेनऊ ते साडेदहा, तेच टेबल, तीच खुर्ची, बारा दिवसांत एकही दिवस चुकवला नाही. त्यामुळे लेख होत आलाय असं मी म्हटलं ते माझ्या लेखी खोटं नव्हतं. बारा दिवस रोज तासभर बसलेल्या माणसाचा लेख होतच आलेला असणार असं मी धरून चालले होते.

जेवणाच्या सुट्टीत लॅपटॉप उघडला. फाईलमध्ये ३१२ शब्द होते. शीर्षक, एक परिच्छेद, दुसरा अर्धा.

मग मी कधी केलं नव्हतं ते केलं, गूगल डॉक्समधली व्हर्जन हिस्टरी उघडली. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी, उजव्या बाजूला तारखांची यादी येते, तारखेवर क्लिक केलं की त्या दिवशी काय बदललं ते रंगीत होऊन दिसतं. बारा दिवसांपैकी सात दिवस यादीत होते. म्हणजे बाकी पाच दिवस मी फाईल उघडून एक अक्षरही टाईप केलं नव्हतं. आणि त्या सात दिवसांतला रंग बघितला तर दुसऱ्या परिच्छेदाचे दोन दिवस सोडले तर तो पहिल्याच परिच्छेदावर होता. पहिल्या दिवशी होतं, "आजच्या धावपळीच्या जगात झोप ही चैनीची गोष्ट झाली आहे." तिसऱ्या दिवशी, "झोप ही आजच्या वेगवान जगात चैनीची गोष्ट ठरू लागली आहे." सहाव्या दिवशी, "धावपळीच्या या जगात चैनीची गोष्ट कोणती, तर झोप." दहाव्या दिवशी परत पहिलं वाक्य जसंच्या तसं. एकच वाक्य चार वेळा उलटंपालटं करून मी जिथून निघाले तिथेच येऊन थांबले होते.

दुसरी फाईल मात्र फुगली होती, नोट्सची. त्रेचाळीस लिंका, कुठून कुठून उचललेले उतारे, आणि दोन मुलाखती. एक मुलाखत एका नर्सताईंची होती, रात्रपाळी संपवून घरी आल्यावर, झोपायच्या आधी, त्यांनी मला चाळीस मिनिटं दिली होती. त्यात त्यांनी सांगितलेलं, खिडकीला मी जाड घोंगडी लावते, बेलवर कागद चिकटवते, सगळं करते, "पण बाई, मी झोपले तरी दिवस काही गप्प बसत नाही." हे वाक्य माझ्या नोट्समध्ये दहा दिवस पडून होतं, आणि मी इकडे धावपळीचं जग आणि चैनीची गोष्ट घासत बसले होते.

तेव्हा कळलं की मला सवय लागली होती, पण ती फाईल उघडायची. लिहायची लागलीच नव्हती. आणि दोन्ही गोष्टी बाहेरून इतक्या सारख्या दिसतात की घरच्यांना सोडा, स्वतःलाही फरक कळत नाही.

मॅडमना फोन केला आणि खरं काय ते सांगितलं. त्या जरा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "हेच चार दिवस आधी सांगितलं असतंस तर मी सांभाळून घेतलं असतं गं. आता ते पान मला दुसऱ्याला द्यावं लागेल." रागावल्या नाहीत, आणि तेच जास्त लागलं. लेख उशिरा आला की मागे चित्रकार, पान लावणारा, मुद्रितशोधन करणारे असे सगळे ताटकळतात हे मला माहीत होतं, पण तोवर ते ऐकून माहीत होतं. त्या दिवशी माझ्यामुळे झालं.

रात्री साडेनऊ वाजले. आता लेखाची वाट कोणीच बघत नव्हतं. आज बसायचं कशाला, हा प्रश्न अगदी रास्त होता. पण त्या नर्सताईंची चाळीस मिनिटं डोक्यातून जाईनात. रात्रभर उभं राहून आलेल्या बाईने झोप पुढे ढकलून मला बोलून दिलं आणि त्याचं मी काहीच केलं नाही, हे मला सहन होईना. खरं सांगते, त्या रात्री मला खुर्चीत बसवलं ते शिस्तीने नाही, त्या चाळीस मिनिटांनी.

जुनी फाईल उघडलीच नाही. नवी कोरी घेतली, वायफाय बंद केलं, नोट्स बंद, मोबाईलच्या ॲपवर पंचवीस मिनिटं लावली. पंचवीसच का, तर ॲपमध्ये आधीपासून तेवढीच होती. फ्रान्चेस्को चिरिलो नावाच्या इटालियन माणसाने १९८०च्या दशकाच्या शेवटी, विद्यार्थी असताना, टोमॅटोच्या आकाराचा स्वयंपाकघरातला टायमर लावून अभ्यास करायला सुरुवात केली, तिथून ही पंचवीस मिनिटांचा टायमर लावून काम करायची पोमोदोरोची पद्धत आली, पोमोदोरो म्हणजे इटालियनमध्ये टोमॅटो. तर टायमर लावला आणि घोंगडी लावलेल्या खिडकीपासून सुरुवात केली. स्वतःला एकच नियम घातला, मागे जायचं नाही. आकडा आठवला नाही की तिथे "तपासणे" असं टाईप करायचं आणि पुढे. शब्द सापडला नाही तर रिकामी जागा सोडायची आणि पुढे. एका वाक्यात "आणि" चार वेळा आलं, बोटं सारखी बॅकस्पेसकडे जात होती, अक्षरशः करंगळी तिथे जाऊन टेकत होती आणि मी ती उचलून परत आणत होते. टायमर वाजला तेव्हा वाक्य अर्ध्यावर होतं. ते तसंच सोडून शब्द मोजले. १९०.

बारा दिवसांत ३१२ आणि पंचवीस मिनिटांत १९०. मी तो आकडा किती वेळ बघत बसले होते सांगता येणार नाही. वाक्यं ओबडधोबड होती, पण त्या बाई त्यात होत्या.

दुसऱ्या दिवशी त्या अर्ध्या वाक्यामुळे एक फायदा झाला जो मी ठरवून केला नव्हता. बसल्या बसल्या ते वाक्य पूर्ण करायचं होतं, त्यामुळे आज काय लिहू हा प्रश्नच आला नाही, बोटं आपोआप चालू झाली. तेव्हापासून मी मुद्दामच वाक्य मध्येच तोडते. संपवून उठलं की समाधान मिळतं पण दुसऱ्या दिवशी परत कोऱ्या भिंतीसमोर उभं राहावं लागतं.

एक वही केली. तीन रकाने, तारीख, शब्द, आणि कुठे थांबले. किती वेळ बसले हा रकाना मुद्दाम ठेवला नाही, कारण बसण्याच्या वेळेनेच मला फसवलं होतं. नंतर कधीतरी वाचलं की अँथनी ट्रोलप हा एकोणिसाव्या शतकातला इंग्रज कादंबरीकार पोस्टात नोकरी करून पहाटे साडेपाचला लिहायला बसायचा, समोर घड्याळ ठेवून दर पाव तासाला २५० शब्द, आणि रोज किती पानं झाली ते डायरीत मांडायचा, म्हणजे खाडा झाला तर तो डायरीत डोळ्यांसमोर राहायचा. त्याच्या ४७ कादंबऱ्या आहेत. त्याचा वेग माझ्या आवाक्यातला नाही आणि मला तो नकोही आहे, पण नोकरी सांभाळून लिहिणारा माणूस पानं मोजायचा, एवढं कळल्यावर वहीबद्दल जरा धीर आला. अर्थात तो आदल्या दिवशीचं वाचून सुरुवात करायचा, मी ते करत नाही. मी वाचायला लागले की दुरुस्त करायला लागते आणि दुरुस्त करायला लागले की संपलंच. दुरुस्तीसाठी रविवारची सकाळ वेगळी ठेवली, तीही दुसऱ्या खोलीत, प्रिंट काढून, पेनने.

पहिले तीन आठवडे छान गेले. बाविसाव्या दिवशी ताप आला, दोन रात्री खाडा, आणि तिसऱ्या रात्री बरं वाटत असूनही बसावंसं वाटेना. डोक्यात होतं की एकवीस दिवसांत सवय लागते म्हणतात, माझे एकवीस झाले, तरी मोडली, म्हणजे आपल्यात ते नाहीच. हे एकवीसचं प्रकरण कुठून आलं ते तेव्हा शोधलं. मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या प्लास्टिक सर्जनने १९६० मध्ये लिहिलं होतं की ऑपरेशननंतर पेशंटला नव्या चेहऱ्याची सवय व्हायला निदान एकवीस दिवस जातात. चेहऱ्याची सवय! आणि "निदान". तो शब्द वाटेत कुठेतरी गळून गेला. याउलट लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांचा २०१० चा अभ्यास आहे, ९६ लोक, बारा आठवडे, खाण्यापिण्याच्या किंवा व्यायामाच्या साध्या सवयी. त्यात सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागतात असं दिसलं, पण माणसागणिक १८ ते २५४ इतका फरक. आणि माझ्यासाठी सगळ्यात मोलाची गोष्ट, एखादा दिवस चुकला म्हणून सवय लागण्यावर फारसा परिणाम होत नाही. त्यात लिहिणं नव्हतं, त्यामुळे आकडा जसाच्या तसा मी स्वतःला लावत नाही. पण त्या रात्री मी वहीत दोन खाडे म्हणून दोन आडव्या रेघा मारल्या आणि खाली तारीख घालून बसले. १०४ शब्द झाले.

तो झोपेचा लेख आठ रात्रींत लिहून आणि दोन रविवारांत दुरुस्त होऊन तयार झाला होता. तीन ठिकाणी पाठवला, दोन ठिकाणांहून काहीच नाही, तिसऱ्यांनी घेतला, तीनशे शब्द कापून. घोंगडीची खिडकी राहिली याचा आनंद मोठा होता. नर्सताईंना अंक पाठवला.

फ्रीलान्स करू पाहणाऱ्यांना एक सांगावंसं वाटतं, हातात काम असताना रोज लिहिणं त्या मानाने सोपं, ब्रीफ, म्हणजे कोणी सांगितलेलं काम, नसलेले आठवडे कसोटी घेतात. तेव्हा पिच लिही, मेल कर, बिल पाठव, प्रोफाईल सुधार अशी कामं साडेनऊच्या जागेत घुसतात आणि ती खरीच कामं असतात म्हणून घुसतात. मी ती सगळी सकाळी ढकलली. रात्रीची पंचवीस मिनिटं फक्त मजकुराची, कोणी मागितलेला असो वा नसो. दोन लेख तर असे आहेत जे कोणी मागितले नव्हते आणि नंतर पिच म्हणून तेच आधी गेले, कारण नमुना म्हणून दाखवायला हातात पूर्ण मजकूर होता.

सात महिन्यांनी त्याच मॅडमचा फोन आला. परत मी जिन्यातच. "अगं, एक विषय आहे, बाराशे शब्द, कधी देशील?" पूर्वी मी म्हटलं असतं तुम्ही सांगाल तेव्हा. या वेळी म्हटलं, मॅडम एक मिनिट, आणि बॅगेतून वही काढली. पाठीमागच्या पानांवर बेरजा होत्या, पंचवीस मिनिटांत सरासरी १५०, म्हणजे बाराशेला आठ रात्री, एखादी चुकलेली धरून नऊ, मुलाखतीसाठी दोन दिवस, शिवाय दुरुस्तीचा रविवार.

"बारा दिवस लागतील," मी म्हटलं. "सहाव्या दिवशी अर्धा पाठवते, चित्रांसाठी."

"अर्धा नक्की असेल ना?"

"सहाशे शब्द असतील. कच्चे असतील, पण असतील."

"बरं, लिहून घेते," त्या म्हणाल्या, आणि पलीकडे पेनचा आवाज आला. सहाव्या दिवशी रात्री दहा वाजता मी त्यांना ६४० शब्द पाठवले, त्यात तीन ठिकाणी "तपासणे" तसंच होतं, आणि शेवटचं वाक्य अर्धं.